इचारलं तर चालतं व्हय?

सर, तासगावच्या कॉलेजात तुम्ही ग्रंथपाल होता आणि मी पहिल्या वर्षाची बुजरी पोर. काउंटरशी येऊन मी काहीतरी पुटपुटले, तर तुम्ही अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालात, "मोठ्यानं इचार की गं! पुस्तक मागतीयास, का चोरी करतीयास?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग काउंटरची फळी उचलून तुम्ही मला थेट आत कपाटांपाशी नेलंत, आणि तिथून मी तुमचा पिच्छा सोडला नाही. मला नोकरी लागलेली बघायला मात्र तुम्ही थांबला नाहीत, आधीच देवाघरी गेलात, याचा अजून राग आहे.

आता साताऱ्यात मी ग्रंथपाल आहे. हॉल सकाळीच गच्च भरतो, खुर्चीवर स्कार्फ टाकून जागा धरतात; पण प्रत्येकापुढं स्वतःचंच भरतीचं गाईड. कपाटांकडं कुणी ढुंकून बघत नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पुस्तकं गोदामात हलवू, अजून टेबलं बसतील." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. तोवर पोरांनी पुस्तकं मागितली नाहीत, तर मी स्वतः गठ्ठे बांधीन.

दुसऱ्याच दिवसापासून खुर्ची सोडून टेबलांमधून फिरायला लागले. एकीला नुसतं "काय शोधतीयस?" म्हटलं, तर सगळी रांग ओळखपत्रं काढून उभी! हसावं का रडावं? तरी रोज फिरतेच आहे. परवा फलटणकडची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमाला इचारलं तर चालतं व्हय? मला वाटलं, तुमी गप बसा म्हणायलाच हायसा." लय लागलं, सर.

आज तीच आपणहून आली. गावच्या जुन्या पाटाच्या पाण्यावर तिला प्रकल्प करायचाय. मोबाईल चाळून झाला, हाती काही नाही. दोघी कपाटं उपसत बसलो, धुळीनं शिंकून बेजार. ते बघून तिच्या मैत्रिणीही गाईडं मिटून आल्या, "आमालाबी बघू द्या की."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? राहील इथंच. पण तुमच्यापाशी कबूल करते, तिला हवं ते मला सापडलं नाही. संध्याकाळी तोंडावर सांगितलं, "मलाही ठाऊक नाही गं." वाटलं, आता ही काही परत येत नाही. तिनं ओढणीला हात पुसले न् म्हणाली, "मग उद्या खालचं कपाट काढू."