तेराने भाग जातो

ती. स्व. मावशीस नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. रविवारचा प्रकार तू तिघांकडून ऐकला आहेस असे आई म्हणाली. म्हणून चौथ्यांदा, पण बरोबर:

१. तुमची लिफ्ट बंद होती.
२. ती दुरुस्त करायला आलेल्याने मला आपला फोन नंबर सांगितला. मी वहीत लिहिला.
३. ही मूळ संख्या आहे, असे तो म्हणाला.
४. मी तपासले. नव्हती.
५. तो हत्यारांची पेटी उचलून निघून गेला. लिफ्ट चालू झाली होती.

यात मी कोणाला "फाडून खाल्ले" (तुझे शब्द) असे कुठे दिसत नाही. मोटर थंड होईपर्यंत आम्ही चाळीस मिनिटे तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो होतो. लोक अशा वेळी हवापाण्यावर बोलतात. तो म्हणाला, सगळ्या मूळ संख्या लहानापासून रांगेत उभ्या केल्या, तर माझा नंबर बरोबर पाच लाखावा. (जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. तू शाळेत शिकली आहेस, विसरली असशील.) मी दिवसभर वजनकाटे तपासून सही करते, असले वाक्य ऐकून सोडून देणे मला जमत नाही. वहीत ७६३८७८७ होते. तीन, सात, अकरा यांनी भाग जाईना. तेराने गेला, निःशेष, भागाकार ५८७५९९.

"तेराने जातो," मी म्हणाले.

"आठ वर्षं वापरतोय हो हा नंबर."

"वापरल्याने फरक पडत नाही."

त्याने वही मागितली नाही, मीही दाखवली नाही.

मंगळवारी, केवळ खुलासा म्हणून, मी त्या नंबरावर फोन केला आणि पलीकडून आवाज येताच सांगितले की तेराने भाग जाण्यात कमीपणा काही नाही. पलीकडे एक गादीवाला होता. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग बदलून घेऊ का, ताई?"

मी अंकांची अदलाबदल केली होती. त्याचा नंबर ७३६८७८७. मी छत्तीसच्या जागी त्रेसष्ट लिहिले. (छत्तीसचा आकडा म्हणून तू हसशील. हस.) ऐकलेला आकडा परत वाचून दाखवायचा, हे मी कामावर नव्या मुलींना शिकवते. खरा नंबर २७१४ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिला. त्यापुढे पाहण्याची गरज नसते. एकीनेही भाग गेला नाही. मग यादी काढून रांगेतली जागा पाहिली. पाच लाखावा.

या नंबरावर मी दोनदा फोन लावला आणि वाजण्याआधी ठेवला. फोनमध्ये बिघाड नाही.

तुझी,
भाची

ता. क. तो भेटला तर सांग की चूक माझी होती. एवढेच सांग, तुझ्या मनाचे काही जोडू नकोस.

ता. क. २. वरचा निरोप देऊ नकोस. मीच सांगेन. लिफ्टमधल्या तक्त्यावर त्याची पुढची फेरी शनिवारी सकाळी दहाला आहे. मी साडेनऊला तुझ्याकडे आले तर चालेल का, ते शुक्रवारपर्यंत कळव.