खाडीतला हुंकार

१ मे १९५६, मंगळवार. थळ.

शाळेला सुट्टी लागली. आता दीड महिना मी ड्रॉइंग मास्तर नाही. कलावंत.

मुंबईच्या प्रदर्शनाने तीन वर्षं माझी चित्रं साभार परत पाठवली. पहिल्या वर्षी परीक्षकांना समज नव्हती. दुसऱ्या वर्षी परीक्षक बदलले, त्यांनाही नव्हती. तिसऱ्या वर्षी पॅकिंग चुकलं. यंदा मूळ दोष सापडला आहे: मी घरात बसून काढतो. प्रेरणा जंगलात असते.

नलूला शब्द देऊन टाकला. यंदाही नकार आला तर कुंचले माळ्यावर टाकीन आणि अलिबागला तिच्या भावाच्या, तुकारामच्या, दुकानात पाट्या रंगवायला बसेन. शब्द देताना जराही भीती वाटली नाही. नलूने लगेच भावाला कार्ड टाकलं, हे मात्र आवडलं नाही.

निश्चय: रोज पहाटे पाच. कनकेश्वराचा डोंगर. सूर्योदयाचं एक स्केच.

२ मे, सकाळी ९

उठलो. विचार केला. सूर्योदय फारच लोकांनी काढून ठेवले आहेत.

४ मे

कनकेश्वर. पायऱ्या अतोनात. निम्म्यावर बसलो, तिथेच जंगल चांगलं होतं. ज्या झाडाला टेकलो त्यावर लाल मुंग्या. माकडाने भाकरी नेली, बटाट्याची भाजी ठेवली. मग परत येऊन भाजीही नेली. सोबत खोडरबर.

स्केच एक. नलूने विचारलं, हा केरसुणीचा स्टडी का? ऐनाचं झाड होतं. तिच्याशी आर्ट बोलणं बंद.

५ मे, सकाळी ११

आज निसर्गाने दार उघडलं. वेलीवर लोंबणाऱ्या शेंगा, सोनेरी तपकिरी, मखमली. काय टेक्स्चर! दोन्ही खिसे भरून घेतल्या. काही गालावर फिरवून पाहिल्या. वस्तूशी एकरूप झाल्याशिवाय ती कागदावर उतरत नाही.

५ मे, दुपारी ३

खाजकुयली.

५ मे, संध्याकाळ

शेजारच्या सोनूबाईने गालांना शेण फासलं. कोळीणच ती, तोंडाचा पट्टा चालूच. एवढा शिकल्याला मानूस खाजकुयली तोंडाला लावतो तं त्याला शेणच बरा, असं नलूला मोठ्याने सांगत होती. नलू हसली. मी हसू शकत नव्हतो, गाल सुजले होते.

८ मे

नवा निश्चय: डोंगर बंद. निसर्ग काय फक्त उंचावर असतो? घरामागे खाडी आहे, खाडीत तिवरांचं जंगल आहे. तिथे माकडं नाहीत.

११ मे, शुक्रवार. संध्याकाळी ६

आज इतिहास घडला.

काल अमावास्या झाली, त्यामुळे ओहोटी पार लांब गेली होती. तिवरांच्या मागे, गुडघाभर चिखलात, एक लाकूड. लाकूड कसलं, आकार! साडेपाच फूट लांब, एका टोकाला जाड, आणि मधून असं वळण की छातीत धस्स झालं. माणसाच्या हाताला हे जमणं शक्य नाही. एका अंगाला तीन सारख्या अंतरावर खाचा, बहुतेक सुतार पक्ष्याच्या चोचीच्या. एका जाड वेलीने ते तिवराला घट्ट धरून ठेवलं होतं. वेल अगदी काथ्याच्या दोरासारखी. पीळही तसाच. गाठसुद्धा. निसर्ग किती हुबेहूब नक्कल करतो!

मी प्रेरणा शोधत होतो, निसर्गाने तयार कलाकृतीच दिली. आता फक्त उचलायची.

१२ मे

उचलवत नाही. फार जड.

नागावचा गुणाजी पेंढ्याची गाडी घेऊन चालला होता, त्याला थांबवलं. वेल कोयत्याने कापायला अर्धा तास गेला. गुणाजीने विचारलं, मास्तर, लाकूड कुनाचं हाय? निसर्गाचं, म्हटलं. तो म्हणाला, या नावाचा मानूस थळात ऐकला न्हाय. अडाणी आहे. कोणाची दृष्ट लागू नये म्हणून वरून पेंढा पसरला.

मागच्या पडवीत उभं केलं. जाड टोक खाली ठेवलं तर अगदीच सामान्य दिसतं. उलटं केलं आणि अंगावर काटा आला. इथेच कलावंताची नजर लागते. वर चादर टाकली. नलूने एवढंच विचारलं, चांगली चादर का घेतली?

१६ मे

जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. शीर्षक ठरलं: ‘हुंकार’. आधी ‘वनदेवतेचा अनाहत हुंकार’ होतं, पण फॉर्मवर जागा कमी आहे.

२० मे

कोळीवाड्यात सकाळपासून कालवा. सोनूबाईचा मुलगा काळूराम नवी होडी बांधतो आहे. अलीमियाँ मिस्त्री दोन महिने तिच्यावर राबतो आहे. होडीच्या अगदी पुढच्या टोकाला एकच वाकडं लाकूड बसतं, त्याला नाळ म्हणतात. ती चोरीला गेली म्हणे. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर काळूरामचा हंगाम बुडाला.

सोनूबाई दारात उभी राहून शिव्या देत होती. ज्याने नेला त्याचे हाताला किडं परतील, वगैरे. मला लिहिताना व्यत्यय येत होता, पण माणुसकी म्हणून बाहेर गेलो. भाषण केलं. म्हटलं, गरिबाच्या होडीवर हात टाकणारा माणूस नव्हे. लोकांनी माना डोलावल्या. काळूरामने माझे हात हातात घेतले. लोकांना कलावंताचा आधार वाटतो.

२३ मे

काळूराम आला. ड्रॉइंग मास्तर म्हणून विनंती: हरवलेल्या नाळीचं चित्र काढून द्या, रेवस, नवगाव, सगळ्या बंदरांवर दाखवतो. त्याने हाताने हवेत आकार दाखवला, मी काढला. दहा मिनिटांत. बेढब, ओबडधोबड वस्तू. असली चीज चोरणार कोण, नवल आहे. काळूराम म्हणाला, ह्योच, मास्तर, अगदी ह्योच! त्याचे डोळे भरून आले. आजवर माझ्या चित्राने कोणाचे डोळे भरले नव्हते. पण विषय इतका हलका, की समाधान वाटलं नाही.

तो गेल्यावर नलू माझ्या कच्च्या चित्राकडे बघत राहिली. मग पडवीतल्या चादरीकडे. मला म्हणाली, हे चित्र जरा उलटं धरून बघा. मी तिला समजावलं की चित्र सुलट बघायचं असतं. संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा.

२८ मे

अलिबागहून फोटोग्राफर आणला. तीन अँगल. फॉर्म भरला. माध्यम: निसर्ग. कलाकाराचे काम: दृष्टी. मूळ स्थान: ‘अरण्य’ लिहिलं. खाडी लिहिली तर मुंबईकरांना वास येतो. फोटो रजिस्टरने रवाना. निवड झाल्यास मूळ कलाकृती बोलावतील.

नलू एकदाच म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही. मी म्हटलं, अगं, शेवटची तारीख दहा जून आहे.

१२ जून

शाळा सुरू. पोरांना निसर्गाकडे डोळे उघडून पाहायला सांगितलं. हेडमास्तरांनी खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या, पाऊस आत येतो.

२४ जून, रविवार. दुपारी ४

‘हुंकार’साठी लाकडी बैठक हवी. नीट मापाची. थळात हातात कसब असलेला एकच माणूस, अलीमियाँ. त्याला बोलावलं. नलू म्हणाली, त्यालाच बोलावताय ना, नक्की? म्हटलं, त्यालाच. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

चादर दूर केली. अलीमियाँ बघतच राहिला. वितीने माप घेतलं. मान वाकडी करून खालून बघितलं. तिन्ही खाचांत एकेक बोट घातलं. मग मटकन खाली बसला आणि म्हणाला, या अल्ला.

माझ्या कलेचा पहिला खरा प्रेक्षक. त्याने लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाला, हे आपल्या ओळखीचं आहे. उत्तम कलाकृती पाहून माणसाला असंच वाटतं, मी कुठेतरी वाचलंय. डोळे पुसत पुसत बाहेर पळाला. बैठकीचं बोलणं राहून गेलं.

२४ जून, ५.३०

अंगणात वीस-पंचवीस कोळी. रसिकता एवढ्या झपाट्याने पसरते, कल्पना नव्हती. नलूला चहा टाकायला सांगतो.

२५ जून

लिहायला हात उठत नाही. मुद्दे लिहितो.

खाचा सुतार पक्ष्याच्या नव्हत्या. अलीमियाँच्या किकऱ्याच्या, म्हणजे खाचा पाडायच्या सुतारी हत्याराच्या होत्या, स्वतःची खूण म्हणून केलेल्या.

वेल नव्हती. दोर होता.

बाभळीचं वाकडं खोड होतं, अलीमियाँनेच म्हसळ्याच्या रानात दोन पावसाळे हिंडून हेरलेलं. ते कापून, हवं तसं तासून, खाऱ्या चिखलात पुरून ठेवायचं. वर्षभर. अलीमियाँ म्हणाला, लोणचं नाय मुरवत, मास्तर, तसं. मग समुद्रातली कीड त्याला शिवत नाही. खाडीत दोराने बांधलेलं लाकूड दोन-दोन वर्षं तसंच पडून राहतं, त्याला शत्रूसुद्धा हात लावत नाही. दोर म्हणजेच मालकाचं नाव. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे म्हणे. असेल. तिथे पाटी लावायला काय झालं होतं?

मी दृष्टीची बाजू मांडली. काळूराम फक्त एवढंच म्हणाला, मास्तर, निसर्गाचे हातान किकरा कवा दिला? लोक हसले. हसले हे बरं झालं, त्याआधी दोघांच्या हातात वल्ही होती.

सोनूबाई हसली नाही. म्हणाली, माजे पोराने तुमचे हातान चितार काढून घेतला आनि तुमी काढून दिला. हे मात्र लागलं. दिवसभर तेच कानात आहे.

नलूने चादर धुवायला टाकली. तुला कधीपासून माहीत होतं, विचारलं. चित्रापासून, म्हणाली. सांगितलं का नाहीस? सांगितलं होतं, म्हणाली.

२७ जून

कोळीवाड्याच्या पाटलाचा निवाडा: नाळ परत. होडी मास्तरने स्वतःच्या हाताने रंगवायची, नावासकट, नारळी पौर्णिमेच्या आत. मी म्हटलं, मी फाइन आर्टवाला आहे. पाटील म्हणाला, तं मग फाइन रंगवा.

२२ जुलै

रोज शाळेनंतर होडीच्या मांडवात. घासायचं, पुटिंग भरायचं, परत घासायचं. माझ्या जवसाच्या तेलावर अलीमियाँने माशाच्या तेलाचा हात मारला. माझं त्या लाकडावरचं एकमेव काम ते, तेही गेलं. कपड्यांना वास. वर्गात पहिला बाक रिकामा.

५ ऑगस्ट

आज नाळ बसवली. जाड टोक खाली. सामान्य बाजू सुलट.

अलीमियाँने ठोकून ठोकून शेवटची फळी तिच्याशी जुळवली आणि दोन्हीकडच्या फळ्या त्या एका वळणाला येऊन मिळाल्या. मी ब्रश हातात घेऊन नुसता उभा होतो. पडवीत दीड महिना मी त्या लाकडाकडे रोज बघत होतो, आणि ते कशासाठी वाकलंय हे मला एकदाही दिसलं नव्हतं. इथे ते जास्त शोभतं.

हे वाक्य नंतर खोडायचं.

१८ ऑगस्ट

नाव घातलं. दोन्ही बाजूंनी, नाळीला लागून: एकवीराप्रसाद. पिवळी अक्षरं, लाल सावली. खडूने आखून, श्वास रोखून. पाट्या रंगवण्याशी याचा काडीइतका संबंध नाही, हे तुकाराम आला तेव्हा त्याला स्पष्ट केलं. तो अक्षरांकडे बराच वेळ बघत होता. माझ्याशी नाही, घरी जाऊन बहिणीशी बोलला.

सोनूबाईने लांबून पाहिलं. बरा झाला, म्हणाली. दोन महिन्यांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

२१ ऑगस्ट, मंगळवार. नारळी पौर्णिमा. संध्याकाळ

होडी पाण्यात गेली. काळूरामने मला हात धरून पुढे नेलं आणि नारळाला माझाही हात लावून घेतला. सोनूबाईने जुनी चादर गुंडाळल्यासारखी शाल घातली माझ्या अंगावर. लाट आली तशी नाळीने ती सरळ कापली. फार सुरेख दिसलं. मी ओरडलोसुद्धा, काय ओरडलो आठवत नाही.

त्याच वेळी पोस्टमन वाळूतून धावत आला. मुंबईचं पत्र. ‘हुंकार’ची निवड झाली आहे. परीक्षकांच्या मते रचनेत मानवी हस्तक्षेपाचा लवलेश नाही. मूळ कलाकृती २५ तारखेच्या आत पोचती करावी.

वर पाहिलं तेव्हा मूळ कलाकृती खांदेरी बेटाच्या दिशेने चालली होती, आत चार माणसं आणि एक जाळं घेऊन.

पत्र तीनदा वाचलं. चार वर्षांनी आलं ते. थोडं रडू आलं. नलूने पत्र घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, पैज तुम्ही जिंकलात, आता पाट्या रंगवायला नको.

बरोबर. नियमाने नको.

मात्र किनाऱ्यावरच तिघांनी धरलं, आमच्याही होड्यांची नावं घाला. नवगावचा एक जण उद्या येतोय. नाही म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा उद्या सकाळी अलिबाग, तुकारामच्या दुकानातून दोन इंची ब्रश आणि लाल रंगाचा डबा. फक्त या चार होड्या. त्यानंतर थेट जंगल.

डबा मोठाच आणावा.