कोरा फळा पुसताना

बाई, उद्या सकाळी मी शिकवणार आहे, आणि मला फार भीती वाटते आहे. शाळेत कविता म्हणायला तुम्ही उभं करायचात तेव्हा वाटायची, तशीच, या वयात पुन्हा. इथे नोएडात सुनेनं माझा फोटो फेसबुकवर टाकला, खाली लिहिलं, ‘आजोबांकडून मराठी कविता शिका’, आणि आसपासच्या सेक्टरांतल्या आईबाबांनी पटापट मुलांची नावं दिली. या मुलांना घरातलं मराठी कळतं, पण ‘सांजवेळ’ म्हटलं की ती आईकडे बघतात. वर्ग लॅपटॉपवर, मुलं चौकोनांत. मी हात वर केला की मलाच माझा हात दिसतो.

सून बटणं दाखवते आणि आपल्या ऑफिसच्या मीटिंगला जाऊन बसते. प्रत्येक वर्ग रेकॉर्ड होणार म्हणाली, म्हणजे जे आले नाहीत ते नंतर बघतील. मी विचारलं, "नंतर पुसता येतं ना?" ती हसली. "पुसायचं कशाला बाबा? राहू दे की कायमचं."

कायमचं. तेव्हापासून दिल्लीतला तुमचा पहाडगंजचा वर्ग डोळ्यांपुढून हलत नाही. खिडकीबाहेर हातगाड्यांचा कालवा, स्टेशनातली शिट्टी, आणि तुम्ही टेबलाला टेकून उभ्या. कुणी मूल कविता म्हणता म्हणता अडतं. तुम्ही वळता आणि फळा पुसायला लागता. फळा कोरा असला तरी पुसता, कोपऱ्यापासून, सावकाश. सगळा वर्ग त्या डस्टरकडे बघत राहतो, अडलेल्या पोराकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमच्या पाठीच्या आडोशाला मी कितीदा हरवलेली ओळ शोधली आहे. एकदा फारच वेळ लागला, तेव्हा न वळताच म्हणालात, "घाई नाही रे. फळा मोठा आहे."

परवा वर्गाची तालीम झाली. एक छोटी मुलगी तुम्ही शिकवलेली विहिरीची कविता माझ्यामागून म्हणत होती. तिसऱ्या कडव्यापाशी थांबली. मी माझा कॅमेरा बंद केला. मनात म्हटलं, बाई, बघा, मीही फळा पुसतोय.

पण ते खरं नाही. ती अडली नव्हती. "आजोबा, आगे बताओ ना," म्हणत ती थांबली होती, आणि जी कविता मी जन्मभर गुणगुणत आलो तिची पुढची ओळ माझ्याकडे नव्हती. बंद कॅमेऱ्यामागे मी नुसते ओठ हलवत बसलो. मग तिचाच आवाज आला, अगदी मायेनं, "गूगल करूं?"

ओळ संध्याकाळी परत आली, दूध तापवताना. आज सकाळी पुन्हा गेली. उद्या सगळ्यांसमोर गेली, तर ते रिकामं तोंड कायमचं राहणार.

कोरा फळा पुसताना कधी तुमचीही ओळ हरवलेली असायची का, बाई? विचारायला हवं होतं. सून आत्ताच डोकावून गेली. परवा कॅमेरा का बंद झाला, म्हणाली, उद्या तसं नको व्हायला. मी म्हटलं, नेट गेलं होतं.