पाच नंबरची बाटली

शुक्रवार, १० ऑगस्ट २००७
वरच्या मजल्यावरचे चंद्रमौळी लिफ्टमध्ये भेटले. नवं काही सुरू न करण्याचा त्यांचा तमिळ आडी महिना पुढच्या आठवड्यात संपतोय. म्हणून १९ला, रविवारी दुपारी, त्यांच्याकडे पाच जणांचं व्हाइट वाइनचं टेस्टिंग. प्रत्येकाने एक बाटली न्यायची, बूच काढून. त्यांच्या मिसेस कनकामामी ती पेपरात गुंडाळून नंबर घालणार. मग चव घेऊन दहापैकी मार्क. रत्नाकर सार (सार म्हणजे सर, म्हणजे मी) नाशिकचे, तेव्हा शेवटचा शब्द सारांचाच, असं त्यांनी लिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितलं. नाशिकमध्ये मी फक्त द्राक्षं खाल्ली आहेत, हे सांगणारच होतो. तेवढ्यात माझा मजला आला.

शनिवार, ११ ऑगस्ट
कॅलेंडर पाहिलं. त्यांचा आडी संपतो तेव्हा आपला श्रावण लागलेला असतो. बराच विचार केला. पगार चेन्नईत घेतो, तर महिनाही इथलाच धरावा. अलकनंदा (बायको) म्हणाली, मग गेला महिनाभर आडी पाळलात का. यावर सविस्तर उत्तर तयार करायचं आहे.

सोमवार, १३ ऑगस्ट
अलकनंदाचा श्रावणी सोमवार. भावाने नाशिकहून पाठवलेली बाटली फ्रिजमध्ये नैवेद्याच्या दुधापासून लांब ठेवली. मध्ये आडोशाला इडलीच्या पिठाचं पातेलं.

मंगळवार, १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७
एक नैतिक अडचण. स्वतःच्या बाटलीला मार्क देणं गैर. गिंडीच्या ऑफिसात वीस वर्षं माल तपासतोय, ओळखीच्या माणसाचा माल कधी हाताळला नाही. म्हणजे आपली बाटली ओळखून तिला शून्य दिलं पाहिजे. म्हणजे चव माहीत हवी. बूच काढलं. कफ सिरपच्या झाकणाने दहा मिली. आंबट.

बुधवार, १५ ऑगस्ट
कालची चव आठवेना. दोन झाकणं. आज ड्राय डे, पण तो अभ्यासाला लागू नसावा.

गुरुवार, १६ ऑगस्ट
झाकण सापडलं नाही. ग्लास घेतला.

शनिवार, १८ ऑगस्ट
बाटली पाव रिकामी. अशी कशी न्यायची? रंग जुळेल असं एकच सुचलं. कोपऱ्यावरून शहाळं आणलं. पाणी स्वच्छ पंच्याने दोनदा गाळून घातलं, २१० मिली. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मीच रिजेक्टेडचा शिक्का मारला असता. पण उद्या आपल्या बाटलीला शून्यच द्यायचं आहे, म्हणजे फसवणूक होत नाही.

रविवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६
तीन नंबरचा पहिलाच घोट पाणचट. मागून शहाळं. लगेच ओळखलं. शून्य. पण बाकीचे तिला नाक लावून मान डोलवायला लागले. मुरली (बँकेतला, सर्दी झालेला) तर डोळे मिटून बसला. मला बघवेना. पाचही बाटल्यांचे मार्क लिहून झाले, तसा उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तीन नंबर माझी, तिच्यात शहाळ्याचं पाणी आहे, बाद करा. फार हलकं वाटलं.

कनकामामींनी पेपर काढला. तीन नंबर चंद्रमौळींची होती. मुलीने फ्रान्सहून आणलेली, दोन वर्षं जपलेली.

मग मुरलीने नाक पुसत विचारलं, सार, मग इळनीर (शहाळ्याचं पाणी) कशात आहे?

पाच नंबरमध्ये. तिला सगळ्यांनी सर्वांत जास्त मार्क दिले होते. माझा कागद कनकामामींनी मोठ्याने वाचला. साडेनऊ मार्क. शेरा : परदेशी. शुद्ध. भेसळीला वावच नाही.

सोमवार, २० ऑगस्ट
लिफ्टऐवजी जिना घेतला. चंद्रमौळीही जिन्यातच, डॉक्टरने सांगितलंय म्हणे. रागावलेले नव्हते, त्याचाच जास्त त्रास झाला. पुढच्या वेळी सारांनी तशीच एक बाटली करून आणावी, म्हणाले. मार्क द्यायची तसदी नको, ते मुरली बघेल, त्याची सर्दी तोवर बरी होईल. इळनीरचं प्रमाण विचारलं. मोजलं नव्हतं, म्हणालो. हे खोटं.

घरी येऊन अलकनंदाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. उपास करा असं म्हणाली नाही, पण ताटात साबुदाण्याची खिचडी होती. शेजारी ग्लासभर काहीतरी.

प्यायलो. शहाळंच असावं. विचारायची हिंमत झाली नाही.