उचकी कुणाच्या नावाची

सातारा,
३ एप्रिल २०२५

चि. गुंडा यास, नानासोचे आशीर्वाद.

इकडे आता सगळं ठीक. तुझी खुशाली कळावी. हळदीला यंदा भाव बरा असेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. माझा सूरज उद्या सांगलीला येतोय, त्याच्या हातात देतो. फाडू नको, शेवटपर्यंत वाच.

आधी मोठी बातमी. काल मी माझं काळीज डोळ्यांनी बघितलं! डॉक्टरीणबाईंनी खांद्याखालची जागा तेवढी बधिर केली होती. समोर टीव्ही, त्यावर ते धडधडतंय आणि त्यात एक बारीक तार वळवळतेय. अठरा वर्षं फौजेत काढली, पण असलं कधी बघितलं नव्हतं रं!

झालं असं. शिमग्याच्या आधी मला पेसमेकर बसवला. डाव्या छातीत डबी, तिच्यातून तार थेट काळजात. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं बजावलं होतं. पाळलं मी. सदरासुद्धा तुझी वहिनी घालायची. पण पाडव्याची गुढी दुसऱ्यानं उभारायची? काठी खालून धरायला तू नव्हतास. स्टुलावर चढलो आणि दोन्ही हातांनी उभारली.

दुपारपासून उचकी. पाणी झालं, साखर झाली, थांबेना. दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनी म्हणाली, "कुनीतरी लय आठवण काढतंय. नावं घ्या."

घेतली. मामा, मावश्या, अख्खी पलटण. मेलेलेसुद्धा सोडले नाहीत.

"आवं, एक ऱ्हायलं की."

"न्हाई घेणार."

"मग मी घेते. गुंडाभावजी!"

मी तिरीमिरीत उठून बसलो आणि उचकी बंद!

तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात भोवळ येऊन पडलो. इस्पितळात फोटो काढला, यंत्र तपासलं. तारेचं टोक जागेवरून सरकलं होतं. काळजाला ठोका द्यायचं सोडून ते खाली छाती-पोटामधल्या पडद्याला टोचत होतं. तीच उचकी. तुझ्या नावाला मी उठून बसलो तेव्हा टोक हललं असणार, म्हणून ती थांबली. बाई कडाडल्या, "आजोबा, पहिल्या उचकीला यायचं! नावं कसली घेत बसलात?" काल टाके उघडून तार जागेवर नेली, स्क्रूसारखी फिरवून पक्की केली. आज ठोके बिनचूक.

बाईंना एक सांगितलं नाही. तुला सांगतो.

आईलाही शेवटच्या सकाळी उचकी लागली होती. उशाशी बसून मी आधी माझं नाव घेतलं. थांबली नाही. तुझं घेतलं, थांबली. तेव्हा आठ वाजले होते. "फोन लागत नव्हता," असं मी चार वर्षं सांगतोय. गुंडा, मी लावलाच नव्हता. पाच वर्षं अंथरुणावर पडलेल्या तिचं सगळं मी केलं आणि उचकी तुझ्या नावानं थांबली, हे मला सोसलं नाही. दुपारी लावला तेव्हा ती गेली होती. सांगली काय लांब नव्हती. पोचला असतास.

माफ कर म्हणायला तोंड नाही. पण ये. पुढच्या पाडव्याला काठी खालून धर.

तार आता पक्की आहे. यापुढं उचकी लागली तर ती तारेची नसणार, आणि पहिलं नाव मी तुझंच घेईन.

तुझी वाट बघणारा थोरला,
नानासो