बाहेरून खिडकी, आतून भिंत

तीर्थरूप दाजींस,

इथे साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. तो तूर्त राखून ठेवतो. आधी तक्रार.

तुमच्या वर्षश्राद्धासाठी मंठाळहून गुलबर्ग्याला निघालो त्या सकाळची गोष्ट. नवी पांढरी टोपी घालून मी माझ्या घराच्या ओट्याची पायरी उतरत होतो, आणि डाव्या खांबावरच्या पारव्याने त्या टोपीवर आपला अभिप्राय दिला. या खांबांच्या माथ्यावर तुम्ही ग्रीस देशातल्या कुठल्याशा काटेरी झाडाची पानं काढून घेतलीत. गाव त्यांना कोबी म्हणतं. पारव्यांना ग्रीस कळत नाही, कोबीही कळत नाही, पण घरटं करायला जागा झकास आहे हे बरोबर कळतं. माणसाने तुमच्याच श्राद्धाला तुमच्याच खांबाखालून असा प्रसाद घेऊन निघावं, हा कुठला न्याय?

गेलेल्या माणसाबद्दल वर्षभर वाईट बोलू नये म्हणतात. नाही बोललो. माझा लेख आला की सोलापूरच्या साप्ताहिकाचा संपादक लिफाफा दोन बोटांनी धरतो, अशी माझी ख्याती. त्या माणसाने वर्षभर जीभ गिळून बसायचं म्हणजे काय, विचार करा! आता वर्ष संपलं. आता बोलतो.

सरकारच्या तामिरात खात्यात तुम्ही ओव्हरसियर. रस्ते, पूल, कचेऱ्या बांधायच्या आणि पगार घ्यायचा, एवढं पुरे नव्हतं का? पण कुणा साहेबाने जाताना टाकून दिलेलं विलायती इमारतींच्या चित्रांचं पुस्तक तुमच्या हाती लागलं, आणि आमच्या मागे युरोप लागला.

तुमचं बोलणं ऐकत राहावंसं वाटायचं, हे खोटं कशाला म्हणू? ओट्यावर दोन तांबे उभे करून वर उसाचं कांडं आडवं ठेवायचात. "हे ग्रीक. दोन खांब, एक तुळई. पण दगडाची तुळई लांब केली की मधून मोडते. म्हणून खांब दाट." मग गुळाचे खडे एकमेकांना टेकवून कमान करायचात, कोसळली की चिडून एक खडा खायचात. "हे रोमन. आता बघा केवढं अंतर सुटलं!" मग रोम बुडालं, भिंती किल्ल्यासारख्या जाड झाल्या, देवळांत अंधार पडला. हे सांगताना तुमचा आवाज असा उतरायचा की सुतक आपल्याच भावकीत आलंय असं वाटावं. आणि मग फ्रान्सात कमानीला टोक निघालं! भार खांबांवर गेला, भिंतीला बाहेरून टेकू दिले, भिंत मोकळी झाली, तिच्या जागी रंगीत काचा आल्या.

"किशनराव, एवढ्या शतकांची खटपट कशासाठी, सांगू? भिंतीत भोक किती मोठं पाडता येतं, एवढ्यासाठी! उजेडासाठी!"

हे वाक्य तुमचं आहे, दाजी. नंतर नाही म्हणू नका.

त्या दिवशी ओट्यावर मल्लप्पा होता. आपला तुरीवाला, चार बैलजोड्यांचा धनी. शेंगा फोडता फोडता त्याने विचारलं, "ह्याला काय म्हन्तेत म्हनलाव?"

"गॉथिक."

"गोठिक," मल्लप्पाने मान डोलावली. "म्हंजे गोठ्याचंच की. तरीच उजेड पायजे म्हनायलाव. बैल अंधारात खातच न्हाई. सायेब, आमच्या गोठ्याला करा की तसलं."

"अहो, ती चर्चची शैली आहे!"

"असू द्या की. आमचे बैल कोनाच्या वाईटात न्हाईत. अन् टोकाची कमान तर बीदरच्या किल्ल्यात बी हाय. तितं फ्रान्सहून कोन आलतं?"

"ती वेगळी!" तुम्ही इतक्या मोठ्याने ओरडलात की माहेरपणाला आलेली अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झालं? साप निघाला का?"

मी पोट धरून हसलो. आणि तुम्ही? तुम्ही खरोखर केलंत! सुट्टी काढून मंठाळात येऊन बसलात. सागवानी चौकटी, वर टोक, सोलापूरहून आणलेल्या निळ्या-तांबड्या काचा. मल्लप्पाचे बैल सकाळी निळ्या उजेडात कडबा खायला लागले. बघायला लोक गाड्या जुंपून आले. एका म्हशीने म्हणे त्या गोठ्यातून बाहेर यायलाच नकार दिला.

बैलांना उजेड मिळाला, दाजी. माझ्या बहिणीला काय मिळालं?

गुलबर्ग्यात स्वतःचं घर बांधेपर्यंत तुम्ही पुस्तकातल्या रेनेसाँपर्यंत पोचला होतात. आता तोल पाहिजे! डावीकडे जे असेल तेच उजवीकडे. उजवीकडे अक्काचं स्वयंपाकघर, डावीकडे जिना. जिन्याच्या भिंतीत खिडकी बसेना, म्हणून स्वयंपाकघरालाही खिडकी नाही. पण दर्शनी भाग उघडाबोडका कसा ठेवायचा? म्हणून दोन्हीकडे चुन्याच्या खोट्या खिडक्या काढल्यात. वर अर्धगोल कमान, खाली कठडा, आणि एक झडप किंचित उघडी. तीही चुन्याची! रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, आत वारा खेळतोय. आत अक्का खोकतेय.

आणि हे करण्याआधी एकदा तरी आत बसून भाकरी थापून बघावी, असं तुम्हाला वाटलं नाही?

"आवो, डोळे जायलेत धुरानं. एवढं एक भोक पाडा की," ती म्हणायची.

"पुढच्या उन्हाळ्यात बघू."

पुढच्या उन्हाळ्यात बरोक आलं. गच्चीच्या कठड्याला जिलब्या निघाल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुमचं मन फिरलं. आता म्हणे विलायतेत सगळी नक्षी टाकून देतात, नुसतं सिमेंट, सरळ रेघ, साधेपणा! जिलब्या फोडून टाकल्यात. फोडणारे गवंडी दारात, पहार हातात, अक्का उंबऱ्यात उभी. त्या पहारीचा एक घाव चार हात खाली पडला असता तर कुठला युरोप बुडाला असता?

मग विषमज्वर आला आणि तुम्ही गेलात. भांडायला माणूसच ठेवलं नाहीत. याचा राग वेगळा.

आता अक्काला रंग कळतात, माणसं आवाजावरून कळतात. डॉक्टर म्हणाले, धुरातून बाहेर काढा, नाहीतर उरलंय तेही जाईल. माझ्याकडे मंठाळला चल म्हटलं तर येत नाही. "हे घर त्यांचं हाय."

वर्षश्राद्धाला तुमच्या खात्यातले लोक आले होते. त्यातले एक गृहस्थ बाहेर हात धुता धुता चुन्याच्या खिडकीकडे बघून म्हणाले, "वहिनींच्या स्वयंपाकघराला उजेड चांगला ठेवलाय हं साहेबांनी!" त्याच वेळी आत अक्का वाटी चाचपत होती, आणि आमटी वाटीशेजारी पानात पडत होती.

मी न्हाणीमागची पहार उचलली. अक्काने आवाजावरून ओळखलं.

"किशन्या, काय करायलास?"

"भोक पाडायलोय."

"हात लावू नको! त्यांच्या हातचं हाय ते. कामून मोडायलास?"

मी ओरडलो. श्राद्धाच्या दिवशी, पानावर माणसं बसलेली असताना, जे बोलू नये ते सगळं बोललो. ती भिंतीला पाठ लावून उभी. चुन्याच्या त्या झडपेसाठी माझी बहीण उरलेले डोळे द्यायला तयार! दाजी, जिवंत असतात तर पहार भिंतीवर पडली नसती.

मल्लप्पा माझ्याबरोबरच मोटारीने आला होता. त्याने पानावरून उठून माझ्या हातातली पहार काढून घेतली.

"अक्का, गेल्या पावसात माझा गोठा बसला. खिडक्या तेवढ्या धड हायेत. त्या बी सायबाच्याच हातच्या. त्येंचं काडायचं अन् त्येंचंच लावायचं. ह्यात मोडलं कुटं?"

अक्काने पदराने डोळे पुसले.

"बैलाची खिडकी?"

"व्हय."

"बसवा मग," ती म्हणाली. "बैलासंगच संसार केलाय मी."

आणि हसली, दाजी! वर्षात पहिल्यांदा, खोकला येईपर्यंत हसली.

मल्लप्पाने खिडकी कडब्यात गुंडाळून आणली. काल बसवली. तुमच्या रेनेसाँच्या अर्धगोल कमानीत ती मावेना, म्हणून गवंड्याने वर फोडून टोकाला वाट करून दिली. चार शतकं मागे-पुढे झाली आहेत. रस्त्यावरून दर्शनी भाग एक डोळा उघडा, एक मिटलेला असा दिसतो. डावीकडची खोटी तशीच ठेवली आहे, तुमची आठवण म्हणून. तोल गेलाय. तुम्ही असतात तर आठ दिवस जेवला नसतात. मला ते बघायचं होतं.

आज सकाळी चूल पेटली. धूर आधी सवयीने छताला गेला, तिथे थोडा घुटमळला, मग त्याला टोकाची वाट सापडली. अक्का परातीपुढे बसली होती. हात थांबले.

"किशन्या, भाकरीवर निळं पडायलंय का रे?"

"पडायलंय."

"मला वाटलं पीठच नासलं," म्हणाली, आणि भाकरी थोडी सरकवून तांबड्यात धरून बघितली.

तिच्या मागे बसून हे लिहितोय. सध्या चैत्र चालू आहे. तुमचा पुढचा उन्हाळा आला एकदाचा.

वचन देतो, माझ्या ओट्यावरची कोबी मी छाटणार नाही. पारव्यांना हुसकावणार नाही. तुमच्याकडे येताना जुनी टोपी घालीन. आणि अक्काच्या खिडकीची काच फुटली, तर फुटलेल्या रंगाचीच बसवीन.

सुरुवातीला एक नमस्कार राखून ठेवला होता. अक्का भाकऱ्यांत गुंतली आहे, इकडे कुणाचं लक्ष नाही. खिडकीपुढे आडवा होऊन तेवढा घालून टाकतो.

तुमचा मेहुणा,
किशन