डाव्या बाजूचं स्टेअरिंग

मी, उपेंद्र रघुनाथ शेट्ये, वय वर्षे ६१, मूळ राहणार चिपळूण, हल्ली मुक्काम शारजा, हे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझे मेहुणे बापू यांचं मत वेगळं आहे, ते विचारात घेऊ नये. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. पत्नी मनोरमा स्वयंपाकघरात आहे आणि दार बंद आहे.

१. चिपळूणचा फ्लॅट आणि बँकेतली सगळी शिल्लक मनोरमाला. "ताई, पैसे माझ्या ट्रेडिंगमध्ये टाक," असं बापू म्हणाले, तर तिने आधी त्यांनी बुक केलेला दुबई मरीनातला टॉवर बघून यावा. तिथे अजून खड्डाच आहे.

२. रंधे, पटाशा, करवती आणि लेथ हमदुल्लाला. जबल अलीच्या वर्कशॉपमध्ये तो माझ्याबरोबर सुतारकाम करत आला. माझ्या पटाशीने तो रंगाचे डबे उघडायचा आणि मी ओरडलो की म्हणायचा, "साब, टूटेगा नहीं, इन्शाल्ला." दोन तुटल्या. उरलेल्यांनी आता त्याने खुशाल डबे उघडावेत.

३. आता गाडी. एसटी येण्याआधी माझे वडील चिपळूण-गुहागर सर्व्हिस मोटार चालवायचे. लाकडी बॉडी, खिडक्यांना कॅनव्हासचे पडदे. तिचा एकही फोटो घरात नाही. म्हणून १९९६ साली मी ती लाकडात करायला घेतली, फुटाला इंच या मापाने. बॉडीला कोणीतरी टाकून दिलेला सागवानी दरवाजा, टपाला पॅकिंगच्या खोक्यांचं प्लाय, चाकं हमदुल्लाने लेथवर काढलेली. पडदे मनोरमाच्या चांगल्या चादरीचे. तो विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही. दोन वर्षांचे शुक्रवार त्यात गेले.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात ती मांडली. लोक कौतुक करत होते. बापू चष्मा लावून वाकले, मग हातातल्या माईकवरून म्हणाले, "भाऊजी, स्टेअरिंग डावीकडे? तुमचे वडील काय दुबई-अबुधाबी हायवेवर गाडी चालवायचे?" हॉल हसला. मीही हसलो.

इतकी वर्षं शारजा ते जबल अली गाडी हाकली, हात आपोआप डावीकडे गेला. बापूंना वाटतं त्यांनी चूक काढली. नुसती चूक काढल्याचं मला काही वाटलं नसतं. पण वडील कुठल्या बाजूला बसायचे हेच मी विसरलो, हे त्यांनी भरल्या हॉलला सांगितलं. ते मला लागलं आणि अजून लागतं. त्यानंतर दर दिवाळीला फराळ खाता खाता ते विचारतात, "काय भाऊजी, करेक्शन झालं का? मला द्या, इंडियात नेऊन करून आणतो. दोन दिवसांत खलास." स्वतःच्या घरातला बल्ब बदलायलाही हे माणूस बोलावतात.

प्रदर्शनातून परतताना माझी मुलगी मिहिका गाडी मांडीवर घेऊन बसली होती. पंधरा वर्षांची होती, जन्म इथलाच. म्हणाली, "बाबा, व्हॉट्स राँग विथ इट? ड्रायव्हर इथेच तर बसतो." मग शेजारच्या सीटवर बोट ठेवून म्हणाली, "सो यू सॅट हिअर, राइट?"

मी हो म्हणालो. बाजू डावी असो की उजवी, वडिलांच्या शेजारची जागा माझी होती. एवढ्या गर्दीत ती कोणी विचारली नव्हती.

सबब ही गाडी मिहिकाला. तिने ती कुठल्याही देशात न्यावी. अट एकच, स्टेअरिंग कोणीही हलवायचं नाही. तिच्या मामाने तर गाडीला हातही लावायचा नाही.

४. मृत्युपत्रावर जो साक्षीदार होतो त्याला त्यातून काही देऊ नये, असा आमच्या वकीलबाई प्रमिला यांचा सल्ला आहे. तो मला फार पटला. म्हणून एक साक्षीदार बापू आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि बापूंना मोठ्याने वाचून दाखवला. तिसरं कलम दोनदा.

ठिकाण: शारजा
दिनांक: १४ नोव्हेंबर २००३

सही: उपेंद्र रघुनाथ शेट्ये

साक्षीदार:
१. दौलत कुबल, शेजारी
२. विनायक ऊर्फ बापू रेडीज, मेहुणे

साक्षीदारांनी सही कागदाच्या डाव्या बाजूला करावी. ती कुठली, हे बापूंना चांगलं ठाऊक आहे.